‘मॅडम, आम्हाला नाही सांगितलं?’

वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्तीने ती गोष्ट कोणाकोणाला सांगावी, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो सत्तेचा प्रश्न आहे. एखाद्याच्या शरीराचा वृत्तांत देण्याचा अधिकार त्या शरीराच्या मालकाकडे आहे की त्याच्याभोवती बसलेल्या मंडळाकडे, हे त्यात ठरत असते. आमच्या स्टाफरूममध्ये हा निवाडा रोज होतो आणि तो बहुधा मंडळाच्या बाजूने लागतो.

गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माझ्या एका समवयस्क स्नेही प्राध्यापिकेने गेल्या काही वर्षांत हे अनुभवले. मधुमेह हाताबाहेर चाललेला, गुडघे बोलू लागलेले. उन्हाळी सुट्टीत तिने नागपुरात शस्त्रक्रिया करून घेतली. सांगितले चार जणांना: नवऱ्याला, थोरल्या बहिणीला, नेहमीच्या डॉक्टरांना, आणि रजा सुट्टीच्या पलीकडे दहा दिवस लांबली म्हणून प्राचार्यांना. रजेच्या अर्जाला रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद जोडणे आवश्यक, असे कार्यालयाने सांगितले. तो कागद तीन टेबलांवरून फिरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती वर्गावर गेली तेव्हा तिच्या जठराची हकीकत तिच्याआधी तेथे पोहोचलेली होती. मग सुरू झाले ते तक्रारीचे सत्र. ‘मॅडम, आम्हाला नाही सांगितलं?’ या वाक्यातला सूर दुखावलेल्या मित्राचा असतो, पण त्याचा आशय हिशेब मागणाऱ्या लेखापरीक्षकाचा असतो. त्यापाठोपाठ दुसरे वाक्य आले: ‘हा म्हणजे शॉर्टकटच झाला की.’

या ‘शॉर्टकट’ शब्दाचा समाचार आधी घेऊ. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती पुढे लहान आतड्याला जोडतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच जात असल्यामुळे भुकेचे गणित बदलते. त्यानंतर काही आठवडे द्रवाहार, मग घासाघासाची मोजणी, आणि लोह, कॅल्शियम व बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. एवढे करूनही वजन पुन्हा वाढू शकते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले, तेव्हा या शस्त्रक्रियेसाठी शरीरवस्तुमान निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असतील तर ३५, आणि त्या दुसऱ्या गटात इतर सौम्य उपाय फसलेले असणे, अशा अटी घातल्या. म्हणजे पथ्य आणि फिरणे हरल्याचा पुरावा विमाकंपनीलाही लागतो. आमच्या सहकाऱ्यांना मात्र तपश्चर्याच हवी असते. लठ्ठपणा हे पाप, म्हणून त्याचे परिमार्जन देहदंडानेच व्हावे, अशी ही श्रद्धा आहे. मोतीबिंदू काढून घेणाऱ्याला कोणी ‘डोळ्यांचा व्यायाम का केला नाहीत?’ असे विचारीत नाही.

मराठी वाचकाला हे मंडळ नवे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील (१९५८) ‘उपास’ आठवावा. एका माणसाचे वजन हा तेथे सबंध चाळीचा सार्वजनिक विषय होतो आणि प्रत्येक बिऱ्हाडातून एकेक आहारशास्त्र निघते. आपण त्यावर पोट धरून हसलो, वर्गात हसवलेही. पण एक गोष्ट आपण शिकवायची राहून जाते: तेथे निवेदन स्वतः त्या जाड माणसाचे आहे. काय सांगायचे, कोठे थांबायचे, कोणाला हास्यास्पद करायचे हे त्याच्या हाती आहे. तोच मजकूर चाळीतल्या दुसऱ्या कोणी त्याच्याविषयी लिहिला असता तर ती चहाडी झाली असती. निवेदक बदलला की वाङ्मयप्रकार बदलतो. हे आपण कथनमीमांसेच्या तासाला सांगतो आणि मधल्या सुट्टीत विसरतो.

‘अहो, मोठमोठी माणसेसुद्धा उघड सांगतात’, हा पुढचा युक्तिवाद. उदाहरण अर्थातच आमच्या नागपूरचे. नितीन गडकरी यांनी २०११ साली, भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही. अरुण जेटली यांच्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये ती झाली, तेव्हा अर्थ आणि संरक्षण ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. पदावरील माणसाच्या प्रकृतीवर जनतेचा काही हक्क असतो, हे मी मान्य करीन. पण तृतीय वर्षाला काव्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या आतड्यांवर कोणत्या जनतेचा हक्क आहे? शिवाय उघड बोलण्याचा खर्च सर्वांना सारखा येत नाही. नेत्याच्या बाबतीत तो मोकळेपणा ठरतो. जिल्ह्याच्या गावातल्या स्त्रीच्या बाबतीत ते पुढच्या वीस वर्षांचे विशेषण ठरते.

मला अधिक बोलके वाटते ते दुसरे उदाहरण. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी, मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी, शोभा डे यांनी एका स्थूल पोलीस निरीक्षकाचे छायाचित्र ‘भारी’ बंदोबस्तावर कोटी करून ट्विटरवर टाकले. तो गृहस्थ मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेश पोलीस दलातील दौलतराम जोगावत यांचे ते छायाचित्र होते. आपला स्थूलपणा अतिखाण्याचा नसून आजाराचा आहे, असा खुलासा त्यांना देशासमोर करावा लागला आणि नंतर मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. बातम्यांनी ही सुखान्त कथा म्हणून रंगवली. मला त्यात सुखान्त दिसत नाही. त्या माणसाला ‘कोणाला सांगू?’ हा प्रश्न स्वतःशी विचारण्याची संधीच मिळाली नाही. त्याच वर्षी मुंबईत आणलेल्या इजिप्तच्या इमान अहमद यांच्या वजनाचे आकडे रुग्णालय आणि त्यांची बहीण यांच्यात वृत्तवाहिन्यांवरून वादले गेले. सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्या वारल्या. स्वतः त्यांना काय सांगायचे होते, हे त्या गदारोळात आपल्यापर्यंत पोहोचले नाही.

आता आम्हा साहित्यवाल्यांचा खास दोष. आपण आत्मकथने शिकवतो. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’, मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ ही पुस्तके शिकवता शिकवता आपली अशी समजूत होते की सांगणे म्हणजे धैर्य आणि न सांगणे म्हणजे भीती. मग ‘तुम्ही तर स्त्रीवाद शिकवता, तुम्हीच लपवता?’ असे विचारले जाते. त्या लेखिकांनी आपला काळ, आपले शब्द आणि आपला श्रोता स्वतः निवडला, हीच त्या लेखनाची ताकद आहे. उलटतपासणीत काढून घेतलेल्या उत्तराला आत्मकथन म्हणत नाहीत, जबानी म्हणतात. (या लेखाच्या लेखकाने स्वतः असे काही करून घेतले आहे काय, हा प्रश्न ज्यांच्या मनात येथवर एकदा तरी येऊन गेला, त्यांच्यासाठीच हा लेख आहे.)

प्रतिपक्षाचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. ‘रोज पाच किलोमीटर चालते, रात्री भात सोडला’ असे उत्तर दिले, तर ऐकणारी दुसरी मधुमेही बाई भात सोडते, चालते, आणि काटा हलला नाही की स्वतःला दोषी धरते. धानाच्या या जिल्ह्यात भात सोडणे ही काय शिक्षा आहे हे बाहेरच्यांना कळायचे नाही. मौनाचा हक्क आहे. खोट्या पराक्रमाचा नाही. पण येथेच खरी पंचाईत होते. ‘ती माझी खाजगी बाब आहे’ हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये उच्चारले की तीच घोषणा ठरते. नकार देण्याची सभ्य भाषा आपण घडवलेलीच नाही, आणि मग खोटे बोलल्याचा ठपका मात्र जिला विचारून विचारून कोपऱ्यात गाठले तिच्यावर येतो.

मग सांगायचे कोणाला? ज्यांच्या अज्ञानामुळे तिच्या जिवाला किंवा त्यांच्या आयुष्याला धक्का लागेल त्यांना. यापुढे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, कारण काही नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जठरात व्रण होण्याचा धोका असतो. घरात स्वयंपाक करणाऱ्याला. लग्न ठरलेले असेल तर त्या एका मुलाला, कारण शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा वैद्यकीय सल्ला असतो. त्या मुलाच्या मावशीला आणि मध्यस्थाला नव्हे. पंगतीत आग्रह करणाऱ्याला ‘पोट भरले’ एवढे पुरे. ते खरेही असते.

आमगावजवळचे पद्मपूर हेच भवभूतीचे गाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, समारंभांतून तो व्यक्तही होतो. त्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्याच अंकात दुर्मुख नावाचा हेर येतो आणि लोक काय बोलतात ते रामाच्या कानात सांगतो. तुलना फार मोठी आहे, हे मला कळते. पण दुर्मुखाला निदान आपण सांगतो आहोत ते अमंगल आहे याची जाणीव आहे; सांगताना त्याची जीभ अडखळते. आमच्या कार्यालयातून स्टाफरूमपर्यंत बातमी आली ती चहाबरोबर, हसतखेळत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो आमच्या आवक-जावक टेबलापर्यंत यायचा आहे. तेथे फार काही करायचे नाही. वैद्यकीय कागद बंद पाकिटात घ्यावा, तो फक्त रजा मंजूर करणाऱ्याने उघडावा, आणि नस्तीत ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैद्यकीय रजा, कामावर रुजू होण्यास सक्षम’ एवढीच नोंद ठेवावी. माझ्या स्नेही प्राध्यापिकेने तसा लेखी अर्ज दिला आहे. त्या अर्जात काय आहे, हे तिच्याआधी स्टाफरूमला कळले.