बारावीचा शेवटचा पेपर संपल्यावर

बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधले दिवस मुलगी घरी असते. गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही ते दिवस कसे जातात हे सांगायला नको. कॉलेज बंद, वसतिगृह रिकामं, लग्नसराई सुरू. ‘निकाल लागेस्तोवर बघून तर ठेवू’ म्हणत बैठका होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बारावीला बसणारी मुलगी सतरा-अठराचीच असते.

म्हणूनच वर्षअखेरीचे प्रकल्प, शिबिरं आणि हल्ली ज्याला इंटर्नशिप म्हणतात ते प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, हा विषय शिक्षणखात्यावर सोडून द्यावा असं मला वाटत नाही. या वयाच्या मुलीला घराबाहेर पडून चार अनोळखी माणसांना प्रश्न विचारायला कॉलेजच्या कागदाइतकं चालणारं दुसरं निमित्त गावात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतसुद्धा स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची संधी मिळावी असं म्हटलं आहे. पण आमच्या भागातल्या मुलींच्या वाट्याला त्यातलं काय येतं?

आधी प्रकल्पाचं बघू. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प असतो. दुकानात तयार मजकूर मिळतो, मोबाइलवर तर फुकटच. ज्या मुलीचं अक्षर वळणदार तिच्याकडे वर्गातल्या चार मुलांच्या वह्या येऊन पडतात. ती रात्री बसून ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ चार वेळा उतरवते, आणि पहाटे उठून हंडा घेऊन विहिरीवर जाते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे नुसत्या पाण्याचं पंधरा किलो ओझं. किती खेपा, किती अंतर, घरातलं कोण भरतं, कोण कधीच भरत नाही, हे तिला कुणी मोजायला सांगत नाही. तिला सगळं माहीत आहे, पण ते ‘प्रकल्पात बसत नाही’.

का बसू नये? सरकारनंच २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातल्यांसाठीच्या बिनमोल कामावर, ते करणाऱ्यांमध्ये, बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं तिच्यात निघालं. हीच पाहणी एका वाडीत बारावीच्या मुली सहज करू शकतील. वही, घड्याळ आणि दहा घरं, एवढ्यात काम भागतं. दहाव्या घरापर्यंत पोचलेल्या मुलीला आपल्या शिबिरातलं व्याख्यान निराळं ऐकवावं लागणार नाही. (व्याख्यानांचं तर काय सांगावं! मुलांना करिअर मार्गदर्शन असतं. मुलींसाठी वेगळं सत्र, त्यात सॅनिटरी पॅडच्या कंपनीचा माणूस नमुने वाटतो आणि फोटो काढून निघून जातो.)

आता कामाचं. मुलींना पाठवायचं म्हटलं की पार्लर, शिवणक्लास, बालवाडी. या कामांना मी कमी लेखत नाही, आपल्यातल्या कितीजणींचं पोट शिवणयंत्रावर चाललं आहे. पण मुलीला विचारलं का? पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या पद्धतीवर राज्यातल्या बऱ्याच शाळांत आठवी ते दहावीला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय चालतो. त्यात मुली वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, आणि मुलगे स्वयंपाकघरातलं काम शिकतात. नववीत वेल्डिंग केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बारावीनंतर त्यांच्यापैकी एकीलाही तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर उभं राहायला मिळालं नाही. ‘मुलीची जबाबदारी कोण घेणार?’ हे वर्कशॉपवाल्याचं उत्तर, आणि तेच कॉलेजचंही.

जबाबदारीचा प्रश्न खरा आहे. तो झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. १९९७ च्या विशाखा निकालामागे राजस्थानातल्या एका साथिनीनं सोसलेलं दुःख आहे, आणि तीही घराबाहेर पडून सरकारचंच काम करत होती. पण त्यातून निघालेला २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ मुलीलाही लागू आहे, पगार असो वा नसो, हे कॉलेजांना माहीतच नसतं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागी, म्हणजे जिथे आपल्या मुली जातात त्या दुकानात, लॅबमध्ये, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, तीन महिन्यांच्या आत. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहेच. कामावर जायच्या आधी हे सगळं मुलीला, आणि तिच्या आईलाही, मराठीत समजावून सांगितलं पाहिजे. समितीवरच्या बाईंचा फोन नंबर मुलीच्या वहीत असला पाहिजे.

आणि पैसे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरलं. योजना मुलींनाही खुली, तरी तिचं नाव पडलं ‘लाडका भाऊ’! त्याच वर्षीची लाडकी बहीण एकविसाव्या वर्षापासूनची. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीला काही मिळायचं तर ते भावाच्या नावाच्या योजनेतून. आमच्याकडे कितीतरी मुलींना आपण त्यात बसतो हेच ठाऊक नव्हतं. आणि निकालाची वाट बघणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी तर यातलं काहीच नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास असतो, पण तो घर ते शाळा एवढ्याच वाटेचा. शेवटच्या पेपरानंतर तिला अर्धं तिकीट काढावं लागतं, आणि ते कोण देणार यावर तिचं बाहेर पडणं अडतं.

माझं म्हणणं असं की, या मधल्या दिवसांतले सहा आठवडे आपण मागून घ्यावेत. ज्या गटांकडे सल्लाकेंद्र आहे, बचतगटांचे हिशेब आहेत, दवाखाना किंवा वाचनालय आहे, त्यांनी दोन-दोन मुली घ्याव्यात. त्यांना खरं काम द्यावं : हिशेब तपासणं, अर्ज लिहिणं, पंचायतीत माहिती मागणं, वेळेची पाहणी करणं. तिकीट आणि दुपारचं जेवण गटानं द्यावं, जमेल तेवढं मानधनही. फुकट मुली मिळाल्या म्हणून त्यांना खुर्च्या मांडायला, स्वागतगीत म्हणायला आणि चहा फिरवायला लावणाऱ्या संस्था कमी नाहीत, बायकांच्या संस्थासुद्धा. ते घरी होतंच.

काही मैत्रिणी म्हणतील, सहा आठवड्यांनी लग्न थांबतं का? नेहमी नाही थांबत. पण रोज सकाळी नऊच्या एसटीनं जाणारी आणि साडेपाचला परतणारी मुलगी बघायला येणाऱ्यांना दुपारी घरात सापडत नाही, आणि घरात तिच्याबद्दल बोलणं निघालं की ‘तिचं काम चालू आहे’ एवढं तरी आईला म्हणता येतं. आमच्याकडे दोन आयांनी हे वाक्य वापरलं. एका घरी चाललं, एका घरी नाही चाललं.

यातली मेख तारखांची आहे. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही, तोवर मुलगी कॉलेजातून सुटलेली असते आणि प्राध्यापकही पेपर तपासणीत. प्राचार्यांना डिसेंबरातच भेटलं पाहिजे. जानेवारीच्या पालकसभेत आपण जाऊन आईवडिलांशी बोलावं, कामाची जागा, वेळ आणि सोबत कोण हे सांगावं, आणि कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र परीक्षेपूर्वी मुलीच्या हातात द्यावं. शिक्का असलेल्या पत्राला घरातले पुरुष मान देतात.