पोथीतले पैगंबर

इस्लाममध्ये चित्र निषिद्ध, तेव्हा नूह, मूसा, युसूफ यांची पोथ्यांतली चित्रे म्हणजे धर्म गुंडाळून ठेवलेल्या बादशहांची चैन, असे ठामपणे सांगितले जाते. कट्टरांना हे मत सोयीचे आणि इस्लामच्या टीकाकारांनाही. ते खोडणारा एक पुरावा कोलकात्यातच छापला गेला आहे. कलकत्ता मदरशाचे प्राचार्य हेन्री ब्लॉकमन यांनी केलेल्या ‘आईने अकबरी’च्या भाषांतराचा पहिला खंड एशियाटिक सोसायटीने १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिमा घडवणारा निर्मात्याशी बरोबरी करू पाहतो, हा हदीसमधला आक्षेप. ‘आईने’त लेखक अबुल फजलने नोंदवलेले अकबराचे म्हणणे त्या आक्षेपालाच भिडते: चित्रकार एकेक अवयव हुबेहूब रेखाटतो, पण प्राण घालणे हाती नसल्यामुळे त्याला जीवदात्याची आठवण होतेच. चित्राचे हे समर्थन श्रद्धेच्या आतून आलेले आहे.

अकबर सनातनी नव्हताच, असे यावर कोणी म्हणेल. ठीक, अकबर बाजूला ठेवू. तब्रीझमध्ये १३१४च्या सुमारास तयार झालेल्या ‘जामिउत्तवारीख’ या इतिहासग्रंथाच्या अरबी प्रतीत मूसा, यूनुस रंगवले आहेत; ती प्रत करवून घेणारा वजीर रशीदुद्दीन कुराणाच्या प्रती करण्यासाठीही वक्फ ठेवून गेला. सोळाव्या शतकातल्या ‘किससुल अंबिया’च्या, म्हणजे पैगंबरांच्या कथांच्या, कितीतरी सचित्र प्रतींचा तर कोणत्याही दरबाराशी संबंध जोडता येत नाही. आणि चित्रकार बिहजादचे १४८८चे युसूफ-झुलैखाचे चित्र पाहावे. याच कथेवरच्या कवी जामीच्या काव्यातल्या महालाच्या भिंतींवर या दोघांच्या आलिंगनाची चित्रे आहेत. बिहजादने ती गाळली. राहिले बंद दरवाजे, झेपावलेली झुलैखा आणि मस्तकाभोवती तेजाच्या ज्वाळा घेऊन निसटणारा युसूफ. नुसती चैनच करायची असती, तर नेमका शृंगार वगळून संयम कशाला रंगवला असता?

मात्र या चित्रांवरून निषेध कधी नव्हताच असे म्हणणारेही चुकतात. हदीसचे शब्द कडक आहेत, आणि काही पोथ्यांत नंतरच्या हातांनी चेहरे खरवडले आहेत; तोही पुरावाच. पण पैगंबर रंगवून घेणाऱ्यांनी कुराणाच्या पानावर कधी माणूस काढला नाही, की नमाजाच्या भिंतीवर पैगंबर टांगला नाही. त्यांना मूर्तिपूजेची भीती होती, म्हणून चित्राची जागा त्यांनी कथेच्या पोथीत ठरवली. तिथे मात्र यूनुसला माशाच्या तोंडातून बाहेर पडताना दाखवायला ते कचरले नाहीत.