टाळ्या वाजवणारे आपण

(बी. ए. द्वितीय वर्ष)

ज्या वर्षी माझा जन्म झाला त्याच वर्षी, ४ सप्टेंबर २००६ रोजी, स्टीव्ह इर्विन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात मरण पावला. तरीही मी त्याला चांगली ओळखते. खाकी सदरा, खाकी अर्धी चड्डी, मगरीच्या जबड्यापुढे उकिडवा बसून आनंदाने ओरडणारा तो माणूस मी लहानपणी मामाच्या घरच्या टीव्हीवर हिंदीत बोलताना पाहिला आहे. (मी त्याला ‘तो’ म्हणते आहे म्हणून वाचकांनी रागावू नये. घरातल्या माणसाला कोणी अहोजाहो करीत नाही.) आमच्या घरात तेव्हा टीव्ही नव्हता आणि शाळा पुरी केलेलेही कोणी नव्हते, पण मगर पाहायला शिक्षण लागत नाही. आजी पदर तोंडाला लावून ते सारे पाहायची आणि म्हणायची, “येड्या, मागं सर की!”

आम्ही पोरे मात्र ओरडायचो, “अजून जवळ! अजून जवळ!”

त्याला मगरीने मारले नाही, सापानेही नाही. त्याच्या आईवडिलांनी १९७० साली क्वीन्सलँडमध्ये बीरवाह येथे सर्पोद्यान काढले होते. त्यात तो लहानाचा मोठा झाला, आणि पुढे त्याच उद्यानाचे त्याने मोठे प्राणिसंग्रहालय केले. शेवटच्या दिवशी तो बॅट रीफ या प्रवाळाच्या भागात चित्रीकरणासाठी गेला होता. हवा खराब असल्यामुळे मुख्य काम थांबले होते, म्हणून आपल्या मुलीच्या कार्यक्रमासाठी काही दृश्ये घेऊ, असे त्याने ठरवले. छातीभर पाण्यात एक मोठे पाकट पोहत होते. पाकट म्हणजे पसरट अंगाचा, चाबकासारख्या शेपटीचा मासा; हे नाव आपल्या कोकण किनाऱ्यावरचे आहे. मी स्वतः अजून समुद्र पाहिलेला नाही. हे जनावर एरवी वाळूत अंग पुरून पडते, शिंपले व खेकडे खाते आणि माणूस दिसला की निघून जाते. शेपटीवरचा करवतीसारखा विषारी काटा ते केवळ बचावापुरता वापरते आणि त्याने माणूस मरणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. त्या दिवशी मात्र तो काटा थेट छातीत घुसला. इर्विन तेव्हा ४४ वर्षांचा होता.

त्यानंतर लोकांनी जे केले, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

लोक रडले, ही झाली पहिली गोष्ट. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी फुलांचा ढीग लागला आणि लोकांनी आपले खाकी सदरे नावे लिहून तिथे ठेवले. सरकारने शासकीय इतमामाने अंत्यविधी करण्याची तयारी दाखवली. वडिलांनी नम्रपणे नको म्हटले, कारण त्यांचा मुलगा स्वतःला साधा माणूस समजत असे. २० सप्टेंबरच्या शोकसभेत त्याची ८ वर्षांची मुलगी बिंडी हजारो लोकांसमोर उभी राहून बापाविषयी बोलली. हे सारे समजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की मृत्यूला दोन दिवसही झाले नसतील, तोच जर्मेन ग्रीअर या विदुषीने इंग्लंडच्या ‘गार्डियन’ पत्रात लिहिले की हा मनुष्य जनावरांना छळत होता आणि अखेर प्राणिसृष्टीने त्याच्यावर सूड उगवला. तिच्यावर टीकेची झोड उठली. तिचे सगळेच म्हणणे खोटे होते असे मला वाटत नाही. परंतु त्या पाकटाला इर्विन कोण हेही ठाऊक नव्हते. सूड कसला घेणार ते?

सूड घेतला तो माणसांनी. पुढच्या काही दिवसांत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर निदान दहा पाकटे मरून पडलेली सापडली आणि त्यांतल्या काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. ज्याने जन्मभर सांगितले की जनावरांना मारू नका, त्याच्या नावाने जनावरे मारली गेली. त्याच्याच संस्थेच्या लोकांना पुढे येऊन सांगावे लागले की बाबांनो, हे त्याला कधीच आवडले नसते.

हे मी फार उशिरा, कॉलेजात आल्यावर वाचले. वाचताना मात्र डोळ्यांपुढे ऑस्ट्रेलिया येईना. आमचे गाव येत होते.

आमच्या पंचक्रोशीत एक सर्पमित्र होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेले नाही. सगळे त्यांना दादा म्हणत. आमच्याकडे हळदीचे आणि सोयाबीनचे रान, घराला लागून गोठा, गोठ्याला लागून कडब्याची गंज. उंदीर असतात, म्हणून सापही असतात. रात्री कोणी ‘साप’ म्हणत नाही, ‘जनावर निघालं’ म्हणतात. जनावर निघाले की दादांना फोन जायचा. कसलीही वेळ असो, ते मोटारसायकलवर यायचे. पैसे मागायचे नाहीत. कोणी पेट्रोलपुरते दिले तर घ्यायचे, नाही दिले तर चहा पिऊन जायचे. चहाही सगळ्यांनी विचारला असे नाही.

मी दहावीत होते त्या वर्षीच्या श्रावणात आमच्या आळीत एका घरात नाग निघाला. दादांनी तो आकड्याने अलगद ओढून बरणीजवळ आणला होता. काम संपलेच होते. तेवढ्यात गर्दीतून कोणी म्हणाले, “दादा, फणा काढू द्या की जरा.” मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. दादा हसले. त्यांनी नाग पुन्हा बाहेर काढला, शेपटीला धरून उभा केला, फणा दाखवला आणि नागांबद्दल माहितीही सांगू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता त्यांची नजर आमच्याकडे वळली आणि तेवढ्यात नाग हाताला डसला.

गाडी मिळेपर्यंत, तालुक्याला नेईपर्यंत, तिथून पुढे पाठवेपर्यंत जो वेळ गेला तो गेलाच. पहाटे निरोप आला.

नाग रात्रीच मारला होता. काठ्यांनी इतका ठेचला की तो नाग होता हे सांगावे लागले असते. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा झाली ती अशी: हौस होती त्याला. नको तिथं हात घालायचा. बायको-पोरांचा तरी विचार करावा माणसानं. आणि चार दिवसांनी नागपंचमी आली, तेव्हा याच आळीतल्या बायका वारुळाला लाह्या घेऊन गेल्या. मीही गेले होते.

आता सांगून टाकते. फणा काढायला सांगणाऱ्यांत माझाही आवाज होता. मला मैत्रिणींना दाखवायला व्हिडिओ हवा होता.

ग्रीअरबाईंच्या लेखात मला जे सापडले नाही ते हेच. इर्विनने जनावराच्या फार जवळ जावे, असे कोणाला वाटत होते? जानेवारी २००४ मध्ये तो महिन्याभराच्या मुलाला एका काखेत धरून दुसऱ्या हाताने मगरीला कोंबडी भरवत होता, तेव्हा जगभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. पण तो खेळ रिकाम्या मैदानात चालला नव्हता. बाकांवर प्रेक्षक होते आणि घरोघरी आमच्यासारखी पोरे ‘अजून जवळ’ म्हणून ओरडत होती. माणूस मेला की मात्र ही सारी मंडळी नाहीशी होतात. मागे उरतात दोनच आरोपी, एक मेलेला माणूस आणि एक मुके जनावर. काही जण याला शिव्या देतात, काही जण त्याला ठेचतात.

जनावराजवळ जाणे हा नेहमीच तमाशा असतो असे मी म्हणत नाही. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटवणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्यांनी कात्रजचे सर्पोद्यान उभे केले. आज खेड्यापाड्यांत जे सर्पमित्र दिसतात, त्यांच्यामागे असल्या माणसांची परंपरा आहे. खैरे यांचा प्रयोग पाहणाऱ्यांतले किती जण घरी जाऊन काठी खाली ठेवणारे झाले आणि किती जण नुसते थक्क होऊन परतले, हा हिशेब कोणी मांडला नसेल.

आपल्या भागात हा राग कसा वळतो, ते २०१८ साली सर्वांनी पाहिले. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथल्या अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळी घालून मारली गेली. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले; शहरांत लोकांनी निषेध केला. वर्गात यावर वाद निघाला तेव्हा मी गावाच्या बाजूने बोलले होते. कापूस वेचायला जाताना जिवाची भीती वाटणे म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळत नाही. आजही मी ते मागे घेणार नाही. पण फटाके कशासाठी, याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते.

भीतीचे दुसरेही काही करता येते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले, गरीब घरातले. महाडकडे नोकरीला गेले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने तिथे पोरेसोरे मरत होती. त्यांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून त्या विषाने हृदयाचे काय होते ते पाहिले आणि प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होते, ते शेकडा एकवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू आजही महाडात आहेत.

सापाचे तसे झालेले नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. ती वेळेवर मिळणे हाच खरा प्रश्न. सर्पमित्रांना ओळखपत्र व दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ साली केली. चांगली गोष्ट आहे. दादांच्या घरी तेव्हा गावाने वर्गणी काढली होती, ती किती जमली हे लिहायला लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गोठ्यात घोणस निघाली. बाबांनी काठी उचलली होती, मी धरली. वरच्या गावचा एक पोरगा आता हे काम करतो; माझ्याहून थोडा मोठा असेल. त्याने पाच मिनिटांत ती बरणीत घातली. बरणीचे झाकण लावतो आहे तोच मागून कोणी म्हणाले, “भाऊ, जरा बाहेर काढून दाखव की.” मी मागे वळून म्हणाले, “कोणी काही दाखवायचं नाही. मोबाईल खिशात ठेवा.” दोघांनी ठेवले. बाकीचे हसले. तो पोरगा क्षणभर माझ्याकडे, क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने झाकण घट्ट केले. मी चहा ठेवायला आत गेले.