डासाला एड्स का होत नाही?

पवना नदीत जलपर्णी माजली, की काळेवाडीत दिवेलागणीला दारे-खिडक्या लावून बसावे लागते. तरीही डास घरात शिरतातच. अशा वेळी एखाद्याच्या मनात शंका येते : एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाला चावलेला डास आपल्याला चावला, तर?

‘डासामुळे एड्स होत नाही’ हे वाक्य तुम्ही पाठ केलेले असते. परीक्षेत ते लिहिले, की गुणही मिळतात. पण त्याने मनातली भीती जाते का? माझे मत असे, की जात नाही. पाठ केलेल्या वाक्यावर आपला पुरता विश्वास बसत नाही. विश्वास बसतो तो कारणावर. ते कारण समजण्यासाठी आपल्याला थोडा वेळ पेशीच्या आत जावे लागेल.

एचआयव्ही हा फार दरिद्री जीव आहे. त्याच्याजवळ जनुके अवघी ९, आणि त्यांपासून बनणारी प्रथिने साधारण १५. माणसाजवळ प्रथिने बनविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. काळेवाडी-पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये कोणी नुसते ड्रॉइंग आणि दोन-चार हत्यारे घेऊन यावे, आणि लेथ, वीज, माल, कामगार सगळे मालकाचे वापरून आपला जॉब काढून घ्यावा, तसा हा विषाणू वागतो.

तो कसा, ते क्रमाने पाहा. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशींवर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. विषाणू प्रथम त्याला चिकटतो, हे १९८४ साली समजले. पण एवढ्याने दार उघडत नाही. सीसीआर-५ किंवा तशाच दुसऱ्या एका प्रथिनालाही बिलगावे लागते, हे कळायला १९९६ साल उजाडले. आत शिरल्यावर सायक्लोफिलिन-ए हे आपलेच प्रथिन विषाणूच्या कवचाला जोडले जाते. पुढे विषाणूची जनुके आपल्या गुणसूत्रात शिरतात, त्यातही आपल्या प्रथिनाची मदत होते. त्यांच्या नकला काढते आपली यंत्रणा, आणि तयार झालेला नवा विषाणू पेशीच्या आवरणापासून सुटा होतो तोही आपल्याच प्रथिनांमुळे. विषाणूची प्रथिने माणसाच्या ४३५ प्रथिनांशी संबंध जोडतात, असे २०१२ साली अमेरिकेतील एका संशोधनात आढळले.

असे संशोधन आपल्या जवळही झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. देबाशीष मित्रा आणि त्यांचे सहकारी यांनी एचएसपी-४० या प्रथिनाचा अभ्यास केला. इतर प्रथिनांना योग्य घडी घालून देणे, हे याचे नेहमीचे काम. विषाणूचे ‘नेफ’ नावाचे प्रथिन त्यालाच हाताशी धरते आणि विषाणूची वाढ जोरात होते, असे त्यांनी २००५ साली दाखविले. गंमत पुढेच आहे. त्याच कुळातील एचएसपी-७० मात्र ही वाढ रोखते, असे २०११ साली त्यांना आढळले. घरभेदी आणि राखणदार एकाच घरात!

आता डासाकडे वळू. डासाच्या पेशींवर सीडी-४ नाही. म्हणजे विषाणूजवळ किल्ली आहे, पण कुलूपच नाही. त्यामुळे तो डासाच्या पोटात रक्ताबरोबर पचून जातो. शिवाय चावताना डास आपल्या अंगात सोडतो ती स्वतःची लाळ, आधी प्यालेले रक्त नव्हे. डेंग्यूच्या विषाणूला मात्र एडिस डासाच्या पेशींत हवी ती सामग्री मिळते. तो तेथे वाढतो आणि लाळग्रंथीपर्यंत पोचतो. म्हणून डेंग्यू पसरतो, एचआयव्ही नाही. ‘मग सुईने कसा पसरतो?’ असे तुम्ही विचाराल. वापरलेल्या सुईत आणि सिरिंजमध्ये रक्त उरते, आणि ते थेट दुसऱ्याच्या रक्तात जाते. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त आणि बाधित आईकडून बाळाला, हे त्याचे इतर मार्ग.

हस्तांदोलनाचेही तेच. त्वचेचा बाहेरचा थर मृत पेशींचा. तेथे ना सीडी-४, ना चालू यंत्रणा. एका बाकावर बसल्याने, एका डब्यातले खाल्ल्याने या विषाणूला आपल्या पेशीचे दार सापडत नाही.

या परावलंबनातूनच उपायही निघाला. काही लोकांच्या सीसीआर-५ जनुकातील ३२ अक्षरे जन्मतःच गळालेली असतात. आई आणि वडील या दोघांकडून असे जनुक मिळालेल्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. ते पाहून शास्त्रज्ञांनी सीसीआर-५ झाकणारे मॅराव्हिरॉक हे औषध बनविले आणि २००७ साली ते वापरात आले.

काळेवाडीपासून जवळच, भोसरीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आज तिच्या नावात विषाणुशास्त्रही आले आहे. इतक्या जवळ हे ज्ञान असताना आपल्या वर्गात ते चार ओळींच्या पाठांतरापुरते राहावे, हे मला खटकते. एचआयव्हीबाधित मुलाला शाळेत भेदभावाने वागविण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पण कायदा बाक सरकविणाऱ्याचा हात धरू शकेल. मनातली भीती काढू शकणार नाही. ते काम शिक्षकांचे आहे.

शिक्षकहो, पुढच्या वेळी ‘डासामुळे एड्स होत नाही’ असे सांगून थांबू नका. ‘का होत नाही?’ हा प्रश्न फळ्यावर लिहा. आणि मित्रांनो, तो प्रश्न गुरुजींनी लिहिला नाही, तर तुम्ही हात वर करून विचारा.