न्यूमोनिया हटत नाही? मग निदान मागा!

वणीच्या कोळसा खाणीपासून उमरखेडच्या शेतशिवारापर्यंत यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत एकच कहाणी ऐकू येते. ताप, खोकला, छातीत दुखणे. एक्स-रेवर डाग दिसतो आणि 'न्यूमोनिया' म्हणून सलाईन, इंजेक्शने सुरू होतात. आठवडा जातो, ताप जात नाही. मग डॉक्टर बदलतो, औषध बदलते, घरातील डोरले गहाण पडते. पण औषध लागू का पडत नाही, हे कोणी विचारत नाही.

न्यूमोनियाला योग्य औषध मिळाले तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. एक्स-रेवरील डाग पुसायला मात्र चार ते सहा आठवडे, वृद्धांना त्याहूनही अधिक लागतात. म्हणून नुसता डाग राहिला तर घाबरू नये. पण ताप आणि दम हटत नसेल तर पुन्हा तेच इंजेक्शन हे उत्तर नव्हे.

आपल्या देशात अशा वेळी पहिला संशय टीबीचा घ्यावा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे टीबीलाही काही काळ दाबतात. रोगी सुधारल्यासारखा वाटतो आणि निदान लांबते. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सोबत साखर आणि एचआयव्ही तपासावे. तरीही कारण सापडले नाही तर सीटी स्कॅन व दुर्बिणीची तपासणी करावी लागते. कॅन्सरही न्यूमोनियासारखा दिसू शकतो.

आपल्या समाजाने आणखी एक नाव लक्षात ठेवावे: सिकलसेल. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. मध्य भारतातील सिकलसेलवरचा शोधनिबंध 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. सिकलसेलच्या रुग्णाची छाती भरते तेव्हा ताप, दम आणि एक्स-रेवरचा डाग हुबेहूब न्यूमोनियासारखा असतो. तेथे अँटिबायोटिकसोबत ऑक्सिजन आणि प्रसंगी रक्तही द्यावे लागते. उशीर जिवावर बेततो.

व्यवसाय विचारल्याशिवाय तर फुप्फुसाचे निदान पूर्णच होत नाही. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. तरीही केसपेपरवर फवारणी किंवा खाणीतील धूळ किती वेळा लिहिली जाते?

सुप्रीम कोर्टाने 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा कलम 21 चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. आमच्या मते निदानाविना उपचार हाही उपचार नाकारण्याचाच प्रकार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांचा तो हक्कच आहे. पण म्हणून बौद्ध वस्त्या तपासणीतून सुटता कामा नयेत.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्याशिवाय दुःख जात नाही, ही बुद्धाची शिकवण. बुद्ध विहार समित्यांनी आरोग्य केंद्राला लेखी अर्ज देऊन वस्तीत सिकलसेल व थुंकी तपासणीचे शिबिर मागावे आणि अर्जाची पोच घ्यावी. रुग्णाने प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी. आणि डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारावे : साहेब, कारण काय?