आपलं फूल, त्यांची बाटली



मोहाचा हंगाम तोंडावर आला. फागुन सरता सरता बाया पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातील. त्याआधी एक हिशोब मांडू.

शहरात सध्या नवी टूम निघाली आहे. व्हिस्की जवाचीच पाहिजे, ही गोष्ट जुनी झाली. आता कोणी तांदळाची काढतो, कोणी ज्वारी-बाजरीची, कोणी तीत फुलं, साली, मसाले टाकतो. थोडी थोडी, हाताखाली गाळलेली म्हणून तिला 'क्राफ्ट' म्हणतात आणि दाम जास्त घेतात. या धंद्यात आता मोहफूलही गेलं. २०१८ पासून 'डेस्मंडजी' नावाने मोहाची दारू बाजारात आहे. डहाणूची साउथ सीज डिस्टिलरी 'सिक्स ब्रदर्स महुरा' काढते. बाटलीवर वारसा, परंपरा असं सारं येते.

हीच कारागिरी देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या घरात पाहा. वाळलं फूल भिजवायचं, काही दिवस आंबू द्यायचं, चुलीवर मडकं, वर थंड पाणी, बांबूची नळी. पहिली धार बडादेवाची, मग पूर्वजांची. हिचं नाव मात्र 'हातभट्टी'. छापा पडला की मडकी फुटतात, बाईवर केस होते, मजुरी बुडवून कोर्टाच्या तारखा. काहून? फूल तेच, धार तीच. फरक फक्त लायसनचा, आणि लायसन पैसेवाल्यालेच मिळते.

हे आजचं नाही. १८९२ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलाचाच कायदा केला. घरात फूल ठेवायलाही बंधन! कारण काय, तर लोक घरी गाळतात आणि सरकारी दुकानाचा महसूल बुडतो. इंग्रज गेला, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, मोहफुलावरची नजर तशीच राहिली. फूल जमवणं, ठेवणं, नेणं यावरची बंधनं आपल्या राज्यात उठली ती २०२१ साली. मधल्या काळात याच सरकारने २००७ मध्ये धान्यापासून दारू गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याची योजना आणली. ज्वारी-बाजरी गाळणाऱ्या कारखानदाराला अनुदान, मोह गाळणाऱ्या बाईला हातकडी.

पुढची गंमत ऐका. २०२२ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की काजू आणि मोहफुलांची दारू 'विदेशी मद्य' समजायची. आपल्या आजाने राखलेलं झाड, आणि त्याची दारू विदेशी!

काही भाऊ म्हणतील, बुलेटिन दारूचा प्रचार करते. नाही. दारूने घरं बुडाली, बायांनी मार खाल्ला, हे आम्हीही पाहतो. नवसागर टाकून विकायला काढलेली दारू देवाची नाही, कोचियाची आहे. ती बंद करायची असेल तर गावच्या बायांनी ठरवावं, गावाने पाळावं. पण ठरवण्याचा हक्क कोणाचा, हाच सवाल आहे. पेसा कायद्यात मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीच्या पेसा गावांना तो आहे, आपल्याला नाही, कारण गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात घेतलेलाच नाही. सीमेपलीकडे छत्तीसगडात आदिवासीला घरच्या वापरापुरती गाळायला सूट आहे. इकडे तोच गोंड, तोच मोह, आणि गुन्हेगार.

तरी एक हत्यार हातात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आपली केली, त्यात मोहफूल आहे. २०१२ च्या नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, नाकेदाराने नाही. उद्या कंपन्यांना फूल लागणारच. ते कोचियाने चैतात मिठा-तेलाच्या बदल्यात उचलायचं आणि पुढे दामदुप्पट विकायचं, की ग्रामसभेने तोलून, भाव ठरवून विकायचं?

या महिन्याच्या ग्रामसभेत हे ठराव घ्या: गावाचं फूल ग्रामसभेमार्फतच विकलं जाईल. पूजा-संस्कारासाठी घरी गाळण्यावरच्या केसेस मागे घ्याव्यात. मोहाची दारू करण्याचं लायसन द्यायचं असेल तर पहिला हक्क गावच्या बायांच्या गटाला, आणि तेही गावातल्या बाया हो म्हणतील तरच. ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या. एक प्रत तहसीलदाराला, एक आमच्याकडे पाठवा.