चालत्या घराचा विजेचा जमाखर्च

घरातील वस्तूंची निगा कशी राखावी याविषयी या सदरातून आपण वेळोवेळी विचार करीत आलो आहोत. आज विचार करावयाचा आहे तो चाके असलेल्या घराचा. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. स्वतःची किंवा भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन मुलाबाळांसह चार दिवस बाहेर पडावे, ही कल्पना आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेली नाही. विजेची सोय असलेल्या तळावर मुक्काम केला, तर वायर जोडली की चिंता मिटते. परंतु मनाला ओढ लागते ती पुष्कळदा तळापासून दूर असलेल्या नदीकाठाची, एखाद्या निवांत समुद्रकिनाऱ्याची. तेथे दिवा, पंखा, फ्रिज हे सारे गाडीतील बॅटरीच्या जिवावर चालावयाचे असते.

अशा वेळी ‘बॅटरी केवढी घ्यावी?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. वस्तुतः ‘आपला रोजचा खर्च किती?’ हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कुटुंबाचा संसार जसा मिळकतीपेक्षा हिशेबावर सुरळीत चालतो, तसाच विजेचाही. यास्तव निघण्यापूर्वी वही घेऊन बसावे.

समजा, पतिपत्नी, दोन मुले आणि आजी असे पाच जण निघाले आहेत. फ्रिज ४५ वॅटचा आहे. त्याचा काँप्रेसर दिवसरात्र मिळून सुमारे दहा तास चालतो. म्हणजे ४५० वॅट-तास झाले. ५ वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास जळले, तर ६० लागतात. १५ वॅटचे दोन लहान पंखे आठ तास फिरले, तर २४०. पाण्याच्या पंपाला २० आणि तीन मोबाइल फोनांना ४५ धरू. एकूण बेरीज ८१५ वॅट-तास.

आता शिल्लक पाहू. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. परंतु ती शिसे-आम्लाची असेल, तर यांतील निम्मेच खर्चण्याजोगे समजावे. ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरविली आणि तशीच ठेवली, तर तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची साठविण्याची शक्ती कायमची घटते. म्हणजे आपल्या हाती ९०० वॅट-तास उरले, आणि एका दिवसाचा खर्च आहे ८१५. मुद्दल मोठे दिसले तरी ते जेमतेम एक दिवस पुरते, ही गोष्ट पहिल्या रात्रीनंतर कळण्यापेक्षा घरीच कळलेली बरी.

या हिशेबात चहाची किटली आणि इंडक्शनची शेगडी नाहीत, हे चाणाक्ष गृहिणींच्या ध्यानी आले असेल. एक लिटर पाणी उकळावयास सुमारे १०० वॅट-तास लागतात, आणि १,५०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका वेळी १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. तेव्हा उष्णता निर्माण करणारी सारी कामे गॅसवर करावीत. इन्व्हर्टरही काम नसता बंद ठेवावा. तो नुसता चालू राहिला तरी वीज खात असतो.

खर्च समजला, आता मिळकतीकडे वळू. तिचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला सूर्याचा. छतावर आडवे बसविलेले २०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ७५० वॅट-तास देते. ढगाळ दिवशी याच्या निम्मेही मिळेलच असे नाही. येथे एक पेच उभा राहतो. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी लावली, तर माणसांना गारवा मिळतो, पण पॅनेल उपाशी राहते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी मिळकत त्या मानाने फारच घटते. म्हणून गाडी उन्हात आणि आपली बैठक सावलीत, असा बेत करावा; अथवा लांब वायरीचे सुटे पॅनेल बाळगावे. पॅनेलवरची धूळ रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावी.

दुसरा मार्ग इंजिनाचा. गाडी चालत असताना तिच्या अल्टरनेटरमधून घरबॅटरी भरता येते. मात्र मध्ये योग्य क्षमतेचा डीसी-डीसी चार्जर हवा. २० अँपिअरचा चार्जर तासाभरात सुमारे २५० वॅट-तास देतो; दोन तासांच्या प्रवासात आपल्या कुटुंबाचा अर्ध्याहून अधिक दिवसाचा खर्च निघतो. गाडी जागच्या जागी चालू ठेवून बॅटरी भरणे मात्र इंधनाची उधळपट्टी होय. इंजिन सुरू करणारी बॅटरी आणि घरची बॅटरी यांचे संसार अगदी वेगळे असावेत. नाहीतर रात्री पंखा फिरेल आणि सकाळी गाडी हलणार नाही.

या दोन मार्गांची सांगडही घालता येते. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी असताना भराभर वीज घेते. परंतु शेवटचा पाचवा हिस्सा भरावयास तिला कित्येक तास लागतात. यास्तव मुक्काम हलवावयाचा असेल तर तो सकाळी हलवावा. मोठा भरणा इंजिनाकडून होतो आणि उरलेली सावकाश भर दिवसभराचे ऊन घालते.

तिसरा मार्ग जनरेटरचा. तो शेवटचाच समजावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेऊ शकतो. जनरेटर गाडीत, तंबूत किंवा खिडकीखाली कदापि चालवू नये. आणि सर्व जण झोपल्यावर तर मुळीच नाही. चार्जिंगच्या वेळी शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजनही पेट घेणारा असतो. म्हणून तिच्या कप्प्याला बाहेर हवा जाण्याची वाट असावी, आणि तेथे काडी ओढू नये.

लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी वजनाने हलकी असते, आणि तिच्या साठ्याचा आठ-नऊ दशांश भाग निर्धास्त वापरता येतो. पण स्पिती किंवा लडाखकडे जाणाऱ्यांनी एक पथ्य विसरू नये. बॅटरी शून्य अंशाखाली गेलेली असताना ती चार्ज केली, तर तिची आतून कायमची हानी होते. ती गाडीच्या उबदार भागात असावी, आणि गारठ्यात चार्जिंग आपोआप थांबविणारी व्यवस्था तिच्यात आहे ना, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. आजींना मधुमेह आहे आणि फ्रिजमध्ये त्यांचे इन्सुलिन आहे. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. बॅटरीचा दाब फार उतरला की असे फ्रिज स्वतःहून बंद पडतात, आणि ते मध्यरात्री कोणाच्या लक्षात येत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते गोठले तरी निरुपयोगी होते. तेव्हा काटकसर कोठे करावयाची, हे संध्याकाळीच ठरले पाहिजे. एक पंखा बंद ठेवावा, मुलांच्या फोनांना विश्रांती द्यावी, फ्रिजचे दार वारंवार उघडू नये. आणि निभत नसेल, तर हट्ट न धरता सकाळी तळाची वाट धरावी. आजींच्या औषधाचा खर्च हा हिशेबातला पहिला खर्च, बाकीचे त्यानंतर.

यासाठी रोज सकाळी, दिवे-पंखे बंद असताना आणि ऊन पॅनेलवर येण्यापूर्वी, व्होल्टमीटर पाहण्याची सवय लावावी. शिसे-आम्लाची बॅटरी विसावलेली असता १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.२ च्या सुमारास निम्मी. लिथियमचा दाब मात्र बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो. तिच्यासाठी आत-बाहेर गेलेल्या अँपिअर-तासांचा हिशेब ठेवणारा मीटर हवा. हा आकडा टिपण्याचे काम घरातील मुलांकडे सोपवावे. ती ते हौसेने करतील, आणि बटण दाबले की मिळणारी वीज कोठून तरी यावी लागते, हा धडा सहलीहून परतल्यावरही त्यांच्यापाशी राहील.